जोड आणि वळण : सिन्नर तालुक्याच्या संदर्भात पाणीवाहक नळाचा इतिहास

प्रस्तावना

सिन्नर तालुक्यातील कोणत्याही गावी उन्हाळ्यात गेले असता बांधाच्या कडेने धावणारी काळी नळी दृष्टीस पडते. ती कोठे विहिरीत उतरलेली असते, कोठे शेततळ्याच्या काठावरून वर आलेली असते, कोठे रस्त्याखालून पलीकडे जाऊन वस्तीवरील एखाद्या घराच्या न्हाणीपाशी संपते. ती इतकी सर्वत्र आहे की तिच्याकडे कोणी पाहत नाही. धरणांचा, कालव्यांचा आणि पाणीवाटपाच्या लढ्यांचा इतिहास मराठीत बऱ्यापैकी लिहिला गेला आहे. नळीचा मात्र फारसा नाही. नळी ही अभियंत्याची आणि प्लंबरची बाब, इतिहासाच्या अभ्यासकाची नव्हे, असा आपला समज दिसतो.

प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे की, नळाचा इतिहास हा बव्हंशी जोडांचा इतिहास आहे. पाणी गळते ते जोडावर. खर्च वाढतो तो जोडामुळे. कसबी माणसाची गरज पडते ती जोड करण्यासाठी. आणि पाणी कोणाच्या दारापर्यंत जाईल व कोणाच्या दारापासून दूर राहील, हेही बरेचसे जोडांच्या संख्येवर ठरत आले आहे. लवचीक प्लास्टिक नलिकेने या जोडांची संख्या एकदम कमी केली. तिचे तांत्रिक फायदे सर्वज्ञात आहेत. पण त्या फायद्यांचे सामाजिक परिणाम काय झाले, याचा विचार येथे करावयाचा आहे.

त्यासाठी सिन्नर हे क्षेत्र निवडण्याचे कारण भौगोलिक आहे. पश्चिमेस घाटमाथ्यावरील इगतपुरीस वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेकडे यावे तसतसा तो झपाट्याने घटत जातो आणि वावी, पाथरे, पांगरी या पूर्व पट्ट्यात तो जेमतेम पाचशे-सहाशे मिलिमीटरवर येतो. यादवांच्या आरंभीच्या राजधानीचे आणि गोंदेश्वराच्या देवालयाचे हे गाव पर्जन्यछायेत वसले आहे. सिन्नर शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठीही दारणा आणि पुढे कडवा येथवर जावे लागले. अर्थात पाणी दुरून वाहून आणणे हा येथील जीवनाचा नित्याचा भाग आहे, आणि वाहून आणण्याचे साधन बदलले की येथील समाजव्यवहारही बदलतो.

दगड, माती आणि उच्छ्वास

महाराष्ट्रात बंद वाहिनीतून पाणी नेण्याची परंपरा जुनी आहे. सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मलिक अंबरने खडकी, म्हणजे पुढील औरंगाबाद व आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे नहर बांधविली. डोंगरपायथ्याचे भूजल जमिनीखालील बोगद्यांतून आणि खापराच्या नळांतून शहरात खेळविण्याची ती योजना होती. त्याच शहरातील पाणचक्कीचे पाणीही मातीच्या नळांतूनच येत असे. पुण्यात अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचे पाणी दगडी बांधकामाच्या वाहिनीतून शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतील हौदांपर्यंत आणले. वाहिनीत कोंडलेली हवा बाहेर पडावी आणि गाळ काढण्यासाठी माणसाला आत उतरता यावे म्हणून जागोजाग उंच धुराडी बांधली होती. त्यांना ‘उच्छ्वास’ म्हणत. तांत्रिक वस्तूला इतके नेमके आणि इतके सुंदर नाव मराठीत क्वचितच मिळाले असेल.

या सर्व योजनांत एक अडचण समान होती. खापराचा नळ वळत नाही. तो आखूड असतो, दुसऱ्या नळाच्या तोंडात बसविताना चुन्याने सांधावा लागतो, आणि दिशा बदलावयाची असेल तेथे चौकोनी हौद किंवा कुंडी बांधावी लागते. म्हणजे प्रत्येक वळण हे स्वतंत्र बांधकाम. रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियस याने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात मातीचे नळ शिशाच्या नळांपेक्षा आरोग्यास चांगले आणि दुरुस्तीस सोपे असल्याचे नमूद केले होते. तरी रोममध्ये शिशाचे नळ वापरात राहिलेच. शिसे हाताने वाकविता येते, हे त्यामागील एक कारण होय. वळणाऱ्या नळाची ओढ इतकी जुनी आहे की तिच्यासाठी माणसाने विषही पत्करले.

सिन्नर परिसरात अशा बंद वाहिन्यांपेक्षा उघडे पाट महत्त्वाचे होते. देवनदीवर ठिकठिकाणी लहान बंधारे घालून पाणी कडेच्या पाटात वळवायचे आणि उताराने शेतात न्यायचे, ही येथील पद्धत. नाशिक जिल्ह्याच्या इंग्रजी गॅझेटिअरमध्ये (१८८३) बंधारे-पाटांच्या सिंचनाची माहिती येते. देवनदीवरील वळण-बंधारे आणि त्यांचे पाट ब्रिटिश काळापासून वापरात होते. पाटाला जोड नसतो, पण त्याला माणसे लागतात. गाळ काढणारी, भगदाडे बुजविणारी, पाळी ठरविणारी आणि ती मोडणाऱ्यास जाब विचारणारी. या मुद्द्याकडे पुढे पुन्हा यावयाचे आहे.

लोखंडी नळाचे शतक

मुंबईत १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी बिडाच्या नळातून शहरात आले, आणि आधुनिक अर्थाने ‘नळाचे पाणी’ महाराष्ट्रात सुरू झाले. त्यानंतर १८७९ मध्ये तुळशी आणि १८९२ मध्ये तानसा ही धरणे झाली. बिडाच्या दोन नळांचा सांधा तागाचा पीळ ठोकून व त्यावर वितळलेले शिसे ओतून भरत. हे काम उष्णतेचे, धोक्याचे आणि हातखंड्याचे होते. घरात येणारा नळ जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा. त्याला आटे पाडायचे, आट्यांवर दोरा गुंडाळून सफेदा लावायचा आणि पान्याने पिळून बसवायचा. वळण आले की एल्बो, फाटा आला की टी, पुढे कधी उघडावे लागेल म्हणून युनियन. जुन्या वाड्यातील न्हाणीघराच्या भिंतीवर नळाचे जे काटकोनी जाळे दिसते त्यातील प्रत्येक कोपऱ्यावर दोन सांधे असतात, आणि गंज प्रथम तेथेच धरतो, कारण आटे पाडताना जस्ताचा थर कापला गेलेला असतो.

प्रस्तुत लेखकाच्या बालपणीच्या घरी अशी नळजोडणी होती. नळ उघडला की आधी तांबूस पाणी, मग धार, आणि दरवर्षी ती धार थोडी बारीक. शेवटी भिंत फोडून पाइप काढला तेव्हा पाऊण इंची नळात पेन्सिल जेमतेम जाईल इतकीच वाट उरली होती. जलवाहिन्यांच्या गणितात नळाच्या आतील गुळगुळीतपणासाठी हेझन-विल्यम्स गुणांक वापरतात. नव्या बिडाच्या नळासाठी तो १३० च्या आसपास धरतात, जुना झाल्यावर १०० किंवा त्याखाली. प्लास्टिकच्या नळासाठी तो १४५ ते १५० धरला जातो आणि वर्षानुवर्षे फारसा घटत नाही. आमच्या घरातील ती पेन्सिलएवढी वाट या आकड्यांचा घरगुती पुरावा मानण्यास हरकत नाही.

पण लोखंडी नळाचा सामाजिक हिशेब याहून महत्त्वाचा आहे. नळ आरंभी घराघरांत गेला नाही; तो चौकात, हौदावर, पाणवठ्यावर थांबला. नळाच्या तोटीतील चामड्याच्या वायसराने पाणी बाटते की काय, याची चर्चा एकोणिसाव्या शतकातील सनातनी मंडळींनी गंभीरपणे केली होती. आज ते हास्यास्पद वाटते, पण पाणवठ्यावर कोणी यावे आणि कोणी येऊ नये हा प्रश्न हास्यास्पद नव्हता. महात्मा फुले यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. २० मार्च १९२७ रोजी महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याचे पाणी प्राशन करण्यात आले. हे दोन्ही प्रसंग सामायिक पाण्याचे आहेत. सामायिक पाणवठा जेथे असतो तेथे त्यावर पहारा असतो, आणि गावकुसाबाहेरील वस्तीपर्यंत स्वतंत्र नळ नेणे लोखंडाच्या भावात परवडत नाही, असे कारण पुढे करणे सोपे असते. नळाच्या किमतीचा आणि जोडांच्या संख्येचा संबंध येथे सामाजिक न्यायाशी येतो.

प्रयोगशाळेतून वावरात

लवचीक नळीचा जन्म अपघाताने झाला. २७ मार्च १९३३ रोजी इंग्लंडमधील आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत फॉसेट आणि गिब्सन या दोघा रसायनशास्त्रज्ञांना उच्च दाबाखालील एका प्रयोगानंतर पात्रात पांढरा मेणचट पदार्थ चिकटलेला आढळला. तो पॉलिथिलीन. युद्धकाळात त्याचा उपयोग रडारच्या तारांवरील आवरणासाठी झाला. १९५३ मध्ये जर्मनीत कार्ल झीगलर यांनी कमी दाबावर अधिक घन आणि बळकट पॉलिथिलीन तयार करण्याची रीत शोधली. आपण ज्याला एचडीपीई म्हणतो तो हाच पदार्थ. १९६८ मध्ये थॉमस एंगेल यांनी त्याच्या रेणूंच्या साखळ्या परस्परांत गुंफून गरम पाण्यासही टिकणारा प्रकार सिद्ध केला, तो पेक्स या नावाने ओळखला जातो. कडक पीव्हीसीचे नळ जर्मनीत त्याआधी, १९३० च्या दशकातच, वापरात आले होते.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण बोलण्यात सर्वांनाच ‘प्लास्टिकचा पाइप’ म्हटले जाते. पीव्हीसीचा पाइप हलका व न गंजणारा असतो, पण तो ताठ असतो. त्याला वळणावर एल्बो लागतोच, आणि सोल्युशन लावून सांधावा लागतो. वेटोळे करता येते ते पॉलिथिलीनच्या नळीचे. प्रस्तुत निबंधातील प्रतिपादन मुख्यतः या दुसऱ्या प्रकारासंबंधी आहे.

महाराष्ट्र या उद्योगात मागे नव्हता. ठाण्याच्या परिसरात १९६० च्या दशकाच्या अखेरीस पेट्रोरसायनांचे कारखाने उभे राहिले. जळगावच्या जैन उद्योगसमूहाने १९८० च्या सुमारास पीव्हीसी पाइपांचे उत्पादन सुरू केले आणि पुढे ठिबक सिंचनाकडे वळला. १९८१ मध्ये फिनोलेक्स इंडस्ट्रीजची स्थापना झाली. ठिबकासाठी राज्य शासनाचे अनुदान १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाले, आणि नाशिक जिल्ह्यातील द्राक्षबागांनी ते हातोहात उचलले. ठिबकाची बारीक काळी नळी म्हणजे शेतकऱ्याच्या हातात आलेली पहिली खरोखर लवचीक नळी. ती हाताळताना त्याने जे शिकले, ते त्याने पुढे विहिरीच्या आणि घराच्या पाइपलाइनला लावले. शासनाच्या कोणत्याही प्रशिक्षण वर्गाविना झालेला हा तंत्रज्ञानाचा प्रसार आपल्या अभ्यासक्रमात कोठेही येत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

वळणाऱ्या नळीचे गुण

आता तांत्रिक गुणांकडे वळू. लोखंडी पाइप साधारण सहा मीटर लांबीचा येतो. एक किलोमीटर अंतरावरील विहिरीपासून घरापर्यंत तो टाकावयाचा झाल्यास, वाट अगदी सरळ धरली तरी, सुमारे १६६ सांधे करावे लागतात. एचडीपीईची लहान व्यासाची नळी शंभर मीटर किंवा त्याहून लांब वेटोळ्यात मिळते. तिला तेवढ्याच अंतरात नऊ सांधे पुरतात. वाटेत ओढा, बांध, आंब्याचे झाड किंवा शेजाऱ्याचे कांद्याचे वाफे आले की लोखंडी पाइपाला प्रत्येक वेळी एल्बो हवा. नळी मात्र आपल्या व्यासाच्या वीस-पंचवीस पट त्रिज्येत स्वतः वळते. बासष्ट-त्रेसष्ट मिलिमीटर जाडीची नळी दीड मीटर त्रिज्येच्या वळणात सहज बसते. म्हणजे ज्या वळणासाठी पूर्वी कुंडी बांधावी लागे, ते आता चर खणणाऱ्याच्या कुदळीने ठरते.

वजनाचा फरकही ध्यानात घेण्याजोगा आहे. दोन इंची मध्यम जाडीचा लोखंडी पाइप मीटरला सुमारे पाच किलो भरतो. तितक्याच कामाची पॉलिथिलीन नळी एक किलोच्या आत. शंभर मीटरचे वेटोळे दोघे जण बैलगाडीवर चढवू शकतात. डोंगराच्या अंगावरील वस्त्यांवर, जेथे ट्रॅक्टर जात नाही, तेथे हे वेटोळे गडगडत नेलेलेही पाहावयास मिळते. लोखंडाचे तसे होत नाही.

जोडाची पद्धतही निराळी. दोन टोके तापलेल्या तव्यावर टेकवायची. हा तवा साधारण दोनशे ते दोनशे वीस अंश तापमानाचा असतो. टोके वितळू लागली की तवा काढून ती परस्परांवर दाबून धरायची. नीट केलेला असा सांधा नळीइतकाच बळकट होतो, कारण तेथे दोन नळ्या उरतच नाहीत. एकच अखंड नळी होते. लहान व्यासाला तर तव्याचीही गरज नाही, पिळून बसविण्याचे जोड मिळतात. आटे पाडणारा फिटर हा पूर्वी तालुक्याच्या ठिकाणाहून बोलवावा लागे. आता गावातील कोणीही चुणचुणीत मुलगा हे काम करतो.

याखेरीज दोन गुण असे आहेत की जे बाहेरून दिसत नाहीत. पहिला, धक्का सोसण्याचा. वीज अचानक गेली की पंप बंद पडतो आणि चढावरील पाण्याचा स्तंभ उलट धावतो. लोखंडी नळात दाबाची ही लाट सेकंदाला हजार मीटरहून अधिक वेगाने फिरते आणि सांधे उखडते. पॉलिथिलीनच्या भिंती किंचित फुगतात, लाटेचा वेग दोनशे-तीनशे मीटरवर येतो आणि तडाखा त्या मानाने सौम्य होतो. भारनियमनाच्या काळात दिवसातून चारदा वीज जाणाऱ्या खेड्यांत हा गुण किती मोलाचा होता, ते पंपाच्या धन्यालाच ठाऊक. दुसरा गुण जमिनीच्या हालचालीसंबंधीचा. १९९५ च्या जपानमधील कोबे भूकंपात ताठ नळांचे सांधे मोठ्या प्रमाणावर निखळले, तर पॉलिथिलीनच्या गॅसवाहिन्या तगल्या. त्यानंतर जगभर या नळीकडे पाहण्याची दृष्टी बदलली. आपल्याकडील काळ्या मातीला भूकंपाची गरज नाही. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हाताएवढ्या भेगा टाकते. ताठ नळाचा सांधा त्या ओढाताणीत सुटतो, नळी मात्र जमिनीबरोबर हलते.

अवगुण, आणि गुणांचे अवगुण

कोणतेही तंत्र केवळ गुणांचे नसते. पॉलिथिलीन उष्णतेने लोखंडाच्या दहापटीहून अधिक प्रसरण पावते. शंभर मीटर नळीच्या तापमानात वीस अंशांचा फरक पडला तर तिची लांबी तीस ते चाळीस सेंटीमीटरने बदलते. म्हणूनच अनुभवी माणूस ती चरात ताणून टाकीत नाही, नागमोडी सोडतो, आणि शक्यतो सकाळी गार असताना बुजवितो. जो दुपारी बाराला ताणून बुजवितो त्याचे जोड पौषात सुटतात. नळीचा काळा रंग हा तिच्यात मिसळलेल्या कार्बन ब्लॅकचा. तो दोन-अडीच टक्के असला की सूर्यप्रकाश तिला फारसे काही करीत नाही. हे प्रमाण न पाळलेली, जुने प्लास्टिक वितळवून केलेली नळी दिसावयास तितकीच काळी असते आणि काही वर्षांत तडकते. भारतीय मानक ४९८४ हा आकडा नळीवर छापलेला आहे की नाही हे पाहण्याची सवय अद्याप आपल्याकडे रुजलेली नाही. उंदीर आणि साळिंदर यांना ती कुरतडता येते, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. साधे एचडीपीई गरम पाण्याला चालत नाही. सोलर बंबाच्या पाण्यासाठी पेक्स किंवा सीपीव्हीसी वापरावे लागते.

लवचीक नळीवरील आंधळ्या विश्वासाचे मोठे उदाहरण अमेरिकेतील आहे. तेथे १९७८ ते १९९५ या काळात पॉलिब्युटिलीनची स्वस्त, वळणारी नळी लक्षावधी घरांत बसविली गेली. पाण्यातील क्लोरीनने नळी आणि विशेषतः तिचे प्लास्टिकचे जोड आतून ठिसूळ केले. भिंती भिजल्या, खटले झाले आणि १९९५ मध्ये कंपन्यांना सुमारे ९५ कोटी डॉलरची तडजोड मान्य करावी लागली. येथेही दोष प्रथम जोडावर प्रकट झाला, हे लक्षणीय आहे.

आरोग्याचा प्रश्नही केवळ शिशाच्या जुन्या नळापुरता नाही. पीव्हीसी तयार करताना स्थिरक म्हणून शिशाची संयुगे वापरली जात; भारत सरकारने त्यासंबंधीचे नियम २०२१ मध्ये अधिसूचित केले. पॉलिथिलीनला असे स्थिरक लागत नाही. व्हिट्रुव्हियसने दोन हजार वर्षांपूर्वी नळाच्या धातूविषयी घेतलेली शंका आपल्याकडे कायद्यात यावयास इतका काळ जावा लागला.

परंतु सर्वांत गंभीर अवगुण हा गुणातूनच निघतो. जी नळी कोणालाही टाकता येते, ती कोणालाही फोडता येते. मुख्य नळीवर सॅडल आवळून भोक पाडले की नवी जोडणी तयार; चोरट्या जोडणीस यापेक्षा अनुकूल वस्तू नाही. नळाला थेट मोटर लावून पाणी ओढण्याची सवय ज्या गावांत आहे तेथे नळीत पोकळी निर्माण होते आणि सैल जोडातून गटाराचे पाणी आत येते. शेवटच्या घरी मग पाणीही येत नाही, आणि आले तर पिण्याजोगे नसते. ज्या वस्तीपर्यंत लोखंडाच्या भावात नळ जात नव्हता तेथे आता नळ गेला आहे, ही निर्विवाद प्रगती होय. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जल जीवन मिशनचे प्रतिमाणशी प्रतिदिन ५५ लिटरचे उद्दिष्ट अशा नळीवाचून कल्पनेतही आले नसते. मात्र नळ दारात असणे आणि नळाला पाणी असणे यांत फरक आहे, आणि गावाच्या कोणत्या टोकाला कोण राहते हे आजही पुरते बदललेले नाही.

पाटाकडून नळीकडे

आता देवनदीच्या पाटांकडे परत यावयाचे. पाटाचे पाणी सर्वांच्या डोळ्यांदेखत वाहते. कोणाच्या शेतात किती वेळ गेले, कोणी दांड फोडला, वरच्याने खालच्याची पाळी खाल्ली का, हे सारे उघड असते. त्यामुळे भांडणे होतात. पण भांडण मिटविण्याची यंत्रणाही गावातच असते. पाटकरी ही त्या यंत्रणेची कणा होती. पाऊसकाळापूर्वी पाट साफ करण्यास घरटी माणूस द्यावा लागे, आणि जो माणूस देत नसे त्याच्या पाळीचा प्रश्न निघे.

मोटेच्या जागी इंजिन आणि इंजिनाच्या जागी विजेचा पंप आला तशी प्रत्येकाची विहीर स्वतंत्र झाली. वेटोळ्यातील नळी आली तशी प्रत्येकाची वाटही स्वतंत्र झाली. ज्याच्यापाशी पैसा होता त्याने दूरच्या विहिरीतून, ओढ्यातून नळी टाकून पाणी आणले आणि पाटावरचे आपले अवलंबन संपविले. पाट मग उरलेल्यांचा झाला, आणि उरलेल्यांना तो सांभाळणे जड गेले. गाळ, बाभळी आणि अतिक्रमण यांनी पाट बुजत गेले. याला एकट्या नळीस जबाबदार धरणे अन्याय्य ठरेल. उपसा वाढून नदीचा प्रवाहच आटत गेला, हेही तितकेच खरे. तरीही, वाटून घेण्याच्या पाण्याकडून आपापल्या पाण्याकडे जो प्रवास झाला त्याचे वाहन नळी होती, असे म्हणावे लागते.

या प्रवासाची दिशा काही अंशी उलटविण्याचा प्रयत्नही सिन्नरमध्येच झाला. येथील युवा मित्र या संस्थेने एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत देवनदीवरील जुने वळण-बंधारे आणि पाट लोकसहभागातून दुरुस्त करण्याचे काम केले, आणि पाणीवापर करणाऱ्यांच्या संघटना उभ्या केल्या. पाट दुरुस्त झाला की भोवतालच्या विहिरींना पाझर मिळतो, आणि त्या विहिरींतील पाणी पुन्हा नळीनेच शेताकडे जाते. पाट आणि नळी हे परस्परांचे वैरी असलेच पाहिजेत असे नाही, हे या प्रयोगातून दिसते. दरम्यान राज्य शासनाचे धोरण उलट बाजूने त्याच ठिकाणी येत आहे. उघड्या चाऱ्यांऐवजी बंदिस्त नलिकांतून कालव्याचे पाणी देण्याचे धोरण गेल्या दशकात स्वीकारले गेले. त्याने गळती व बाष्पीभवन घटते, भूसंपादन टळते. परंतु जमिनीखालील नलिकेत कोणाची पाळी चालू आहे, हे बांधावर उभ्या असलेल्या माणसास दिसत नाही. ते त्याला व्हॉल्व्हच्या चावीवाल्यास विचारावे लागते.

कागदोपत्री नळी

इतिहासाच्या अभ्यासकापुढे यातून एक पद्धतीविषयक अडचण उभी राहते. कात्रजचे उच्छ्वास अडीच शतकांनंतरही उभे आहेत. मलिक अंबरच्या नहरीचे बोगदे मोजता येतात. जुना पाट गावनकाशावर दोन रेषांनी दाखविलेला असतो. काळी नळी मात्र कोठेच दाखविलेली नसते. ती धातूची नसल्याने धातुशोधक यंत्रासही सापडत नाही. ती कोठून गेली आहे हे ठाऊक असते ते चर खणणाऱ्यास, किंवा गावच्या पाणीपुरवठ्याच्या व्हॉल्व्हमनला. आणि तो निवृत्त झाला की जेसीबीच्या दातालाच ते कळते.

तरी एक साधन आहे, आणि त्याकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४९ अन्वये, शेतीसाठी दुसऱ्याच्या जमिनीतून पाण्याची वाहिनी नेण्याची परवानगी तहसीलदार देऊ शकतो. उघडा पाट असेल तर त्याची रुंदी दीड मीटरपेक्षा अधिक नसावी, आणि जमिनीखालून नळ असेल तर तो निदान अर्धा मीटर खोल असावा, असा भेद कायद्याने तेव्हाच केला. त्याच कलमात शेजारच्या धारकास वाहिनीतील जादा पाणी ठरेल त्या दराने घेण्याचा हक्कही दिला आहे. १९६६ मध्ये कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे पाटच होता, हे या तरतुदीवरून उघड होते. कारण पाटातले जादा पाणी शेजाऱ्यास दिसते आणि मागता येते. बंद नळीतले जादा पाणी कोणी, कसे दाखवावे?

या कलमाखालील अर्ज, हरकती आणि आदेश ही नळीच्या इतिहासाची आपल्याकडील सर्वांत जवळची दप्तरे होत. अर्जदार कोण, हरकतदार कोण, विहीर कोणाची, वाट कोणाच्या बांधावरून, नुकसानभरपाई किती, हे सारे त्यांत येते; आणि सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यातील विहिरीच्या हिश्श्यांच्या नोंदी त्यांच्याशेजारी ठेवून वाचता येतात. महसुली अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि अ वर्ग सोडल्यास बाकीचे ठराविक मुदतीनंतर नष्ट केले जातात. अर्जांना जोडलेल्या कच्च्या नकाशांवर विहीर, बांध, ओढा आणि त्यांच्यामधून वळत गेलेली एक तुटक रेघ हाताने काढलेली असते. या रेघा गावाच्या नकाशावर एकत्र मांडण्याचे काम पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासही जमण्याजोगे आहे. आरंभ वावी मंडळापासून करावा, कारण तेथे अंतरे सर्वांत लांब आहेत.